मागाहून येणारा आवाज

मिस्त्रीला बोलायला फार आवडायचं, हे त्याच्या बायकोखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. बाकी सगळ्यांच्या लेखी तो ‘हूं मिस्त्री’ होता. दार बसवाल का? हूं. शनिवारपर्यंत होईल? हूं. फळी कमी पडेल का? यावर नकाराचा एक वेगळा, नाकातला, आखूड हूं होता आणि जुनी गिऱ्हाइकं दोन्हींतला फरक बरोबर ओळखत. तोंड बंद आणि काम चोख, म्हणून लोक त्याचं कौतुकच करत. माणूस असावा तर असा, म्हणत.

खरं कारण वेगळं होतं. मिस्त्री लहानपणापासून अडखळत बोलायचा. शब्द ओठांपर्यंत सरळ यायचा आणि तिथे फुगलेल्या दारासारखा अडकून बसायचा. ‘प’ आणि ‘क’ तर त्याचे हाडवैरी. शाळेत धडा वाचताना एकदा सगळा वर्ग हसला आणि वर्गापाठोपाठ मास्तरही हसले, तेव्हापासून त्याने बोलण्याची काटकसर सुरू केली, ती पन्नाशी ओलांडली तरी सुटली नाही.

एकटा असला की मात्र सगळं सुरळीत. घरामागच्या शेडमध्ये रंधा मारता मारता तो लाकडाशी गप्पा मारायचा, गाठीला शिव्या घालायचा आणि स्वतःच रचलेल्या गोष्टी स्वतःलाच सांगायचा. त्यात बोलणारी कपाटं असायची, रुसलेली स्टुलं असायची, राजाच्या पाळण्यात शिरलेली वाळवी असायची. कुणाची पावलं दारात वाजली, की गोष्ट जिथल्या तिथे थांबायची आणि पुन्हा हूं सुरू.

त्याची एकुलती एक मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात गेली होती. दर रविवारी तिचा फोन यायचा. बायको बोलायची, मिस्त्री शेजारी बसून ऐकायचा आणि हुंकार द्यायचा. मुलीची मुलगी पाच वर्षांची. तिला सगळे ठमी म्हणत. एका रविवारी फोनचा स्पीकर चालू असताना ठमी पलीकडे आपल्या आईला विचारताना ऐकू आली, “आजोबांना बोलता येत नाही का गं?” मुलगी गडबडीने म्हणाली, येतं की, पण त्यांना कमी बोलायला आवडतं.

मिस्त्री उठून शेडमध्ये गेला. मुलीने त्याची बाजू सावरायला म्हटलं, हे त्याला कळत होतं. पण ते साफ खोटं होतं, आणि तेच नातीच्या डोक्यात पक्कं बसणार, हे काही त्याच्या मनातून जाईना.

त्यानंतर महिन्याभरात बाईंचं काम आलं.

बाई निवृत्त शिक्षिका. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात एकट्याच. शाळा सुटल्यावर काय करायचं, तर त्यांनी ऐकायची पुस्तकं वाचायला घेतली होती. एका संस्थेला त्या पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून देत. ज्यांना दिसत नाही किंवा ज्यांना वाचायला सवड नाही, ती माणसं ती ऐकत. मागच्या खोलीतच त्यांनी स्टुडिओ थाटला होता. स्टुडिओ म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक माईक आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर लटकवलेल्या सगळ्या जुन्या गोधड्या. आता गोधड्यांच्या जागी त्यांना लाकडी चौकटी हव्या होत्या, आत लोकरीसारखा जाड थर आणि वरून कापड. आठ चौकटी, शिवाय दाराच्या फटीला पट्टी. मिस्त्रीने मापं घेतली आणि हूं म्हटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या दारात एक खोकं आलं. आतून एक नवा माईक निघाला, आणि सोबत पाव किलो लोण्याच्या वडीएवढी लाल रंगाची धातूची पेटी. पुढे तीन बटणं फिरवायची, एक दाबायचं, हेडफोन खुपसायला एक भोक. मागे कॉम्प्युटरला जोडायची यूएसबीची वायर. ऑडिओ इंटरफेस म्हणतात तिला. बाईंचा आधीचा माईक थेट कॉम्प्युटरलाच जोडायचा होता आणि त्यातून आवाज डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा यायचा. बाईंची धाकटी बहीण एका नाट्यगृहात आवाजाचं काम सांभाळायची. तिने बजावलं होतं, की चांगला माईक घे आणि ही पेटी घे; माईकचा आवाज आधी पेटीत जातो, पेटी तो नीट करून कॉम्प्युटरला देते.

बाई नव्या पेटीपुढे नव्या नवरीसारख्या बसल्या होत्या. पडद्याची दांडी मध्ये येत होती, म्हणून मिस्त्रीला त्यांना विचारणं भाग पडलं. मान हलवून भागण्यासारखं नव्हतं. तो दारात उभा राहिला, दम घेतला आणि म्हणाला, “प-प-प-पडदा क-काढू का?”

“काढा की,” बाई म्हणाल्या आणि पुन्हा वायरींमध्ये शिरल्या.

त्याने पडदा काढला, दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या खोलीत चौकटीचे कोपरे काटकोनात आहेत का ते गुण्या लावून तपासायला बसला. आत बाईंनी वाचायला सुरुवात केली. मिस्त्रीला हे दोन दिवसांत फार आवडायला लागलं होतं. बाईंचं वाचणं म्हणजे पाण्याचा नळ. एकदा सोडला की धार तुटायची नाही. आज मात्र आतून भलतंच ऐकू आलं.

“पाणी ओ-ओसरल्या... ओसरल्यावर पु... पुला-पुलाखाली...”

मिस्त्रीचा हात थांबला. आत पुन्हा तेच. “पु-पुला... पुलाखाली...”

त्याच्या कानशिलांना आग लागली. आत्ता पाच मिनिटांपूर्वी तो ज्या अक्षरावर अडला होता, तेच अक्षर आणि तसंच. एवढी शिकलेली, वयाने मोठी बाई आपली नक्कल करते आहे, आणि तीही दार लावून, एकटी, मजेखातर. वर्ग हसतो ते एक आणि मास्तर हसतात ते वेगळं. त्याने पटाशी कापडात गुंडाळली, करवत पिशवीत घातली आणि गुण्या शोधू लागला. तो नेमका त्याच्याच मांडीखाली होता.

एवढ्यात दार उघडून बाई बाहेर आल्या, हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं. मिस्त्रीची पिशवी पाहिली आणि त्याचा चेहरा पाहिला, तसं त्यांचं हसू मावळलं. तीस वर्षं ज्या बाईने मुलांचे चेहरे वाचले, तिला हा चेहरा समजायला कितीसा वेळ लागणार.

“तुम्हाला वाटलं, मी तुमची नक्कल केली,” त्या म्हणाल्या.

मिस्त्रीने पिशवीचे बंद आवळले.

“मिस्त्री, मला यंत्राने तोतरं केलंय. आत या आणि तुम्हीच ऐका. मग जायचं असेल तर खुशाल जा.”

जावं की थांबावं हे न ठरवताच तो त्यांच्यामागून आत गेला. बाईंनी समजावून सांगितलं, की माईकमध्ये बोललेलं पेटीतून कॉम्प्युटरमध्ये जातं आणि तिथून फिरून पुन्हा आपल्याच हेडफोनमध्ये येतं. या येरझारीत त्याला उशीर होतो. आपण पुढचा शब्द बोलायला लागावं, तर कानात मागचाच शब्द येतो, आणि मग जीभ आपली कुणाचं ऐकू अशी गांगरते. त्यांनी हेडफोन लावून पुन्हा तेच वाक्य वाचलं आणि पुन्हा तशाच अडखळल्या. हेडफोन काढला आणि तेच वाक्य लोण्यासारखं वाचून दाखवलं. आता मिस्त्रीलाही थोडं हसू आलं.

“लावून बघा,” म्हणत बाईंनी हेडफोन त्याच्यापुढे धरला. “समोरचं वाचा. तुमचीही बोबडी वळते का बघू.” बोलून झाल्यावर आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी जीभ चावली.

पण मिस्त्रीने हेडफोन घेतला होता. एक तर कुतूहल, दुसरं म्हणजे मघाशी उगाच रागावल्याची लाज. समोर स्टँडवर पान होतं आणि पहिलाच शब्द ‘प’चा. त्याने नेहमीसारखा दम घेतला आणि फजितीची तयारी ठेवून तोंड उघडलं.

“पाणी ओसरल्यावर पुलाखाली एक होडी अडकलेली दिसली.”

तो थांबला. कानात ‘दिसली’ उमटून विरलं. त्याने बाईंकडे पाहिलं. बाईंनी बोटाने पुढची ओळ दाखवली. मिस्त्री पुढे वाचत गेला. आवाज जरा संथ होता, शब्द थोडे लांबत होते, जुन्या घड्याळाला किल्ली कमी पडावी तसे. कानातला मागचा आवाज त्याच्या शब्दाचा हात धरून चालल्यासारखा येत होता, आणि त्याचा शब्द कुठेही अडत नव्हता. ‘पाटील’ गेलं, ‘किनारा’ गेलं, ‘काकुळतीने’ गेलं. खालपर्यंत पान संपलं. उलटून त्याने मागचंही वाचलं.

मग हेडफोन काढून तो म्हणाला, “हे क-क-क...”

त्याने हेडफोन परत कानांवर चढवला.

“हे काय झालं, बाई?”

बाई टेबलावरचा चहाचा कप उचलून तशाच उभ्या होत्या आणि कप कलून चहा बशीत सांडत होता.

त्यांनी लगेच बहिणीला फोन लावला. बहिणीने आधी बाईंच्या अडचणीचा निकाल लावला: पेटीवर ‘डायरेक्ट’ म्हणून बटण आहे ते दाब, म्हणजे आवाज फेरा न मारता माईकमधून थेट कानात येईल. मिस्त्रीचं ऐकल्यावर ती म्हणाली, की यात जादू नाही. आपलाच आवाज कानात उशिरा आला तर सुरळीत बोलणारे अडखळतात आणि अडखळणाऱ्यांपैकी काहींना मात्र आधार मिळतो; वाणीचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना हे चांगलं ठाऊक असतं. सगळ्यांना लागू पडत नाही, आणि कान मोकळे झाले की बोलणं बहुधा पूर्वीसारखं होतं. त्यांना उगाच आशेला लावू नकोस, असंही तिने बाईंना सांगितलं. तिच्या ओळखीत एक डॉक्टरीणबाई होत्या, त्यांचा नंबर दिला. आणि जाता जाता कॉम्प्युटरमध्ये उशीर कमीजास्त करायचा आकडा कुठे असतो तेही सांगून ठेवलं.

त्या दुपारी चौकटी राहिल्या बाजूला. बाई आकडा बदलत होत्या आणि मिस्त्री बोलून बघत होता. आकडा अगदी लहान केला, की अडखळणं परत हजर. फार मोठा केला, की मिस्त्री दारू प्यायल्यासारखा बोलायचा आणि दोघंही हसायची. मधला एक आकडा नेमका बसला. पाचर ठोकता ठोकता एका घावाला ‘बसली’ असं हाताला कळतं ना, तसं मिस्त्रीला कळलं. बाईंनी तो आकडा कागदावर लिहून पेटीखाली ठेवला.

निघताना बाईंनी विचारलं, की नीट बोलता आलं तर तुम्हाला काय बोलायचंय? मिस्त्रीने त्या दिवशी उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी शेवटची चौकट भिंतीला ठोकून झाल्यावर तो स्वतःहून माईकपुढे बसला, हेडफोन लावला आणि त्यातूनच बाईंना सांगितलं, की नातीला एक गोष्ट सांगायची आहे.

शनिवारी दुपारी रेकॉर्डिंग ठरलं. मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून आला. सोबत बायकोही आली. ती दवाखान्यात परिचारिका होती आणि तिची सकाळची पाळी संपली होती. काय चाललंय ते नवऱ्याने तिला धड सांगितलं नव्हतं, नुसतं चल म्हणाला होता. बाईंनी तिला बाहेरच्या खोलीत बसवलं, फ्रिज घुरघुरत होता म्हणून बंद केला आणि दार लावून घेतलं.

गोष्ट सुतारपक्ष्याची होती. एक सुतारपक्षी एका सुताराकडे नोकरी मागायला येतो. म्हणतो, आडनाव एकच, धंदा एकच, मला ठेवून घे. सुतार त्याला ठेवून घेतो. पक्षी पहिल्याच दिवशी नव्या दाराला बावीस भोकं पाडतो. सुतार डोक्याला हात लावतो, पण दाराची मालकीण येते आणि त्या भोकांमधून जमिनीवर पडलेले उन्हाचे बावीस गोल पाहून म्हणते, मला हेच दार हवं. मग गावभर तसल्याच दारांची मागणी सुरू होते, आणि पक्ष्याला डोकं वर काढायला फुरसत उरत नाही.

पहिल्या खेपेला मिस्त्री इतका रंगात आला, की पक्षी टोच मारतो तिथे त्याने टेबलावरच टकाटका बोटं आपटली. पेटीवरचा हिरवा दिवा लाल झाला आणि कॉम्प्युटरवरची आवाजाची रेघ वर जाऊन फाटली. बाईंनी माईकचा आवाज किती घ्यायचा ते ठरवणारं गेनचं बटण जरा उतरवलं आणि त्याच्या हाताखाली उशी ठेवली. दुसऱ्या खेपेला गोष्ट शेवटपर्यंत गेली. सुताराला एक आवाज, पक्ष्याला चिरका, मालकिणीला ठसक्याचा. बाई कोपऱ्यात बसून हसू दाबत होत्या, कारण त्यांचा आवाज आत गेला तर पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं असतं. अकरा मिनिटं आणि वर काही सेकंद झाली.

दार उघडलं, तेव्हा बायको खुर्चीवर नव्हती. दाराला अगदी लागून उभी होती. मिस्त्रीने नवी पट्टी बसवूनही जी काही फट राहिली असेल, तिला कान लावून.

“ऐकलंस?” मिस्त्रीने खुणेनेच विचारलं.

“ऐकलं. पण ही मला आधीपासून ठाऊक होती,” ती म्हणाली. “तुम्ही शेडमध्ये सांगता त्या सगळ्याच ठाऊक आहेत. सव्वीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकतेय. दारात कुणी आलं की तुम्ही थांबता, म्हणून मी दारात कधी आलेच नाही.”

मिस्त्रीने खुर्ची ओढून तिला बसवलं. त्याला कितीतरी बोलायचं होतं, आणि त्या वेळी कानांवर हेडफोन असता तरी त्याला काही सुचलं नसतं. बाई फ्रिज चालू करायचं निमित्त काढून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

गोष्ट त्याच संध्याकाळी मुलीच्या फोनवर पोचली. तिचं उत्तर आलं नाही. रविवार सकाळपर्यंत आलं नाही. मिस्त्रीने त्याचे नाना अर्थ लावले: तिला खोटं वाटलं, तिला राग आला, ठमीला आवडली नाही. जेवताना त्याचं ताटात लक्ष नव्हतं. मग दुपारी फोन वाजला, आणि मुलगी हॅलोसुद्धा न म्हणता रडायलाच लागली. रडता रडता हसत होती आणि सांगत होती, की काल संध्याकाळपासून घरात दुसरं काही चाललेलंच नाही. ठमीने ती गोष्ट नऊ वेळा लावलीय, मी दोनदा न्हाणीघरात जाऊन रडून आले, आणि बाबा, हा तुमचा आवाज एवढी वर्षं कुठे होता?

मिस्त्रीने घसा खाकरला, पण तेवढ्यात पलीकडे फोनची ओढाओढ झाली आणि ठमीने तो जिंकला.

“आजोबा, तो पक्षी झोपतो कुठे?”

मिस्त्री गोंधळला. गोष्टीत हे नव्हतं. पक्ष्याच्या झोपण्याचा त्याने कधी विचारच केला नव्हता. कानावर हेडफोन नव्हता, पेटी बाईंच्या टेबलावर, आणि पलीकडे पाच वर्षांचं माणूस उत्तराची वाट बघत होतं. बायकोने फोनसाठी हात पुढे केला, नेहमीसारखा. मिस्त्रीने मान हलवून तिला नको म्हटलं.

“क-क-क-कपाटात,” तो म्हणाला.

पलीकडे ठमी खुदकन हसली. “तू पक्ष्यासारखं बोललास ना? टक-टक-टक?”

इथे हो म्हणून सुटता आलं असतं. मिस्त्रीच्या ते मनातही येऊन गेलं.

“नाही गं,” तो म्हणाला. “मी अ-असाच बोलतो. गोष्टीत यंत्र होतं म-मदतीला. खरा मी असा.”

“बरं,” ठमी म्हणाली. तिला त्यात काही विशेष वाटलं नसावं. “कुठल्या कपाटात? वरच्या खणात की खालच्या?”

“व-वरच्या.”

“मग त्याला चढायला शिडी लागते?”

“पक्षी आहे तो. उ-उडतो.”

“पण दमला असेल तर?”

मिस्त्रीने विचार केला. मुद्दा बिनतोड होता. दिवसभर दारांना भोकं पाडून पक्षी दमणारच, आणि दमलेला पक्षी वरच्या खणापर्यंत उडणार कसा? म्हणजे सुताराने त्याला शिडी करून दिली असली पाहिजे. मग ती कसल्या लाकडाची, तिला पायऱ्या किती, आणि पहिल्याच चढणीला पक्ष्याने तिच्याही पायऱ्यांना भोकं पाडली तेव्हा काय झालं, हे सगळं ओघाने आलंच. ‘पायरी’वर तो अडला, ‘पाचवी पायरी’वर तर फारच अडला. ठमी थांबायची. कधी शब्द फार वेळ येईना, तर ती मध्येच भलताच शब्द सुचवायची, पाल, पापड, पिशवी, आणि मग दोघंही हसायची आणि खरा शब्द हसण्याबरोबर बाहेर पडायचा.

बायको शेजारी बसली होती, उघड, समोर, आणि गोष्टीचा हा भाग तिलाही नवा होता. पलीकडून मुलीने जेवायला चल म्हणून दोन हाका मारल्या. फोन तिच्या हातात परत यायला पाऊण तास लागला.